महाग पेट्रोल, मायलेजची वही आणि भाऊजी

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देतो.

वय त्रेचाळीस, सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब सांभाळतात. रोजचं जाणं-येणं साठ किलोमीटर, महिन्याचे साधारण १४४०. गाडी २०१६ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर पळालेली. पूर्वी लिटरला सतरा द्यायची, आता पंधराच्याही खाली आली. धाकटे दीर गाड्यांचे दर्दी. त्यांनी सांगितलं, "वहिनी, साधं पेट्रोल म्हणजे आता इथेनॉलचं पाणी. पंच्याण्णव ऑक्टेनवालं भरा. पेट्रोल स्ट्राँग असलं की गाडी कमी पिते." जूनपासून ताई तेच भरतात. साधं १०४ रुपये लिटर, हे ११२. वहीत सगळं लिहून ठेवलंय: मार्च ते मे साध्यावर सरासरी १४.६, जून ते ऑगस्ट महागावर १५.९. म्हणजे आठ रुपये जास्त मोजूनही महिन्याला शंभरेक रुपये सुटतात. नवरा म्हणतो, सगळा पंपवाल्यांचा धंदा आहे. दीर म्हणतात, वहीच बोलतेय, मी कशाला बोलू? ताई विचारतात, "यातलं खरं काय? आता परत साध्यावर आले तर इंजिनाला त्रास होईल का? आणि भाऊजींना वाईट न वाटता हे मिटवायचं कसं?" पत्र संपल्यावर ताजा कलम: "मेअखेर गाडीचं मोठं सर्व्हिसिंग केलं. प्लग बदलले, पुढचे दोन टायर नवे घातले. आता गाडी एकदम मस्त चालते."

ताई,

तुमचा हिशेब मी आधी ताडून पाहिला. १०४ भागिले १४.६, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये १२ पैसे. ११२ भागिले १५.९, म्हणजे ७ रुपये ४ पैसे. किलोमीटरमागे आठ पैसे, महिन्याला ११५ रुपये. बेरीज-वजाबाकी चोख आहे. मी आयटीआयमध्ये बावीस वर्षं मेकॅनिक मोटर व्हेइकलचा ट्रेड शिकवला. "सर, माझी गाडी वीस देते" असं छातीवर हात ठेवून सांगणारे शेकड्यांनी भेटले, वहीत लिहून आणणारे पाच-सहाच असतील. त्यामुळे तुमच्या वहीबद्दल मला आदरच आहे. पण चूक खतावणीत झालीय. जमा खरी, ती भलत्याच खात्यावर टाकलीत. ज्या महिन्यात पेट्रोल बदललं त्याच महिन्याच्या तोंडावर प्लग बदलले, टायर बदलले, शिवाय उन्हाळा जाऊन पाऊस आला. चार जणांनी मिळून आणलेली जमा एकट्या पेट्रोलच्या नावावर चढली.

आता भाऊजींच्या त्या वाक्याकडे येऊ. पेट्रोल स्ट्राँग असलं की गाडी कमी पिते. ऐकायला पटतं. ९५ हा आकडा ९१ पेक्षा मोठा, किंमतही मोठी, मग त्यात काहीतरी जास्त असणारच. दुधाचं फॅट वाढलं की दर वाढतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण ऑक्टेनचा आकडा फॅटसारखा नाही. त्या लिटरभर पेट्रोलमध्ये किती ऊर्जा आहे, हे तो सांगतच नाही. दाबलं आणि तापवलं तर ते पेट्रोल ठिणगी पडेपर्यंत किती दम धरतं, एवढंच तो सांगतो.

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते. तुमच्यासारख्या गाडीत पिस्टन वर येताना ते मिश्रण साधारण दहा-अकरापट दाबतो. दाबलं की ते तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. दिवाळीत लवंगी फटाक्यांची माळ वातीकडून पेटवली की एकेक करत ओळीने वाजते, तसं. पण कधी माळेच्या दुसऱ्या टोकावर ठिणगी उडते आणि मागचा सगळा जुडगा एकदम फुटतो. सिलिंडरमध्ये असं झालं की बाहेर टकटक ऐकू येते. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. ऑक्टेन जास्त म्हणजे ते टोक आपण होऊन पेटायची शक्यता कमी. त्या आकड्याचा अर्थ इथे संपतो.

हा आकडा आला कुठून, तेही सांगतो. १९२६ साली ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन काही केल्या नॉक करत नव्हतं, त्याला १०० दिले. हेप्टेन लगेच नॉक करायचं, त्याला शून्य. एखादं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर त्याचा ऑक्टेन ९१. पूर्वी हा आकडा वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायचे. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंद झालं.

ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा तुमच्याच टाकीत आहे. भाऊजी ज्याला पाणी म्हणतात ते इथेनॉल घ्या. त्याचा ऑक्टेन १०८ च्या वर, म्हणजे पंपावरच्या कुठल्याही महागड्या पेट्रोलपेक्षा जास्त. भाऊजींचा नियम खरा असता तर इथेनॉल मिसळल्यावर तुमच्या गाडीने लिटरला वीस द्यायला हवे होते. झालं उलटं. कारण लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते आणि लिटरभर इथेनॉलमधून २१ च्या आसपास. दोनतृतीयांश म्हणा. वीस टक्के इथेनॉल असलेल्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा जवळजवळ सात टक्के ऊर्जा कमी आणि दहा टक्केवाल्यापेक्षा साडेतीन टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाजही याच्याशी जुळतो. निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के इथेनॉलवर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांचं १ ते २ टक्केच, असं त्यात म्हटलंय.

म्हणजे मायलेज पडलं, ही भाऊजींची तक्रार काल्पनिक नाही. तुमची गाडी २०१६ ची, तिला याचा फटका बसणारच. फक्त सतरावरून साडेचौदावर येणं म्हणजे चौदा-पंधरा टक्क्यांची घट, आणि तेवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. उरलेली घट जुने प्लग, टायरमधली कमी हवा आणि मार्च ते मे अखंड चाललेल्या एसीची असावी, असं मला वाटतं.

भाऊजींना हेही सांगा की मोठा आकडा म्हणून जे विकत घ्यायचं, तो आकडा आता साध्या पेट्रोलमध्येही आलाय. आपल्याकडे साधं पेट्रोल पूर्वी ८८ ऑक्टेनचं होतं, पुढे ९१ चं झालं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जो खुलासा केला त्यानुसार २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ च्या घरात गेलंय. म्हणजे ज्या ९५ साठी तुम्ही आठ रुपये जास्त देताय, ते जवळपास फुकटात मिळतंय. आणि त्या महाग पेट्रोलात इथेनॉल नाहीच, असंही धरून चालू नका. पंपावर विचारा. नाही म्हटलं तर कुठे छापलंय तेही दाखवायला सांगा.

मग त्या आठ रुपयांत मिळतं काय? पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह यांच्यावर थर धरू नये म्हणून घातलेली रसायनं. ती फसवी नाहीत. इंजेक्टर घाण झाले असतील तर काही टाक्यांनंतर गाडी थोडी मोकळी चालेल. पण धुतलेली भांडी रोज रोज घासून जास्त चकाकत नाहीत. गाडी नीट चालत असेल तर सहा महिन्यांनी एखादी टाकी भरावी, कुणाची हरकत नसावी.

आता महाग पेट्रोलवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर तुमचे मिस्टर हे पत्र दाखवत घरभर फिरतील. जास्त ऑक्टेनचा फायदा होतोच कुठे तर, ज्या इंजिनाला तो हवा असतो तिथे. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी त्याच ऊर्जेतून जास्त कामगिरी निघते, हे मोटार तंत्राचं जुनं गणित आहे. आणि जास्त दाबायचं तर दम धरणारं पेट्रोल लागतं. म्हणून टर्बो पेट्रोल गाड्या, जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं यांच्या माहितीपुस्तकात ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. अशा गाडीत कमी ऑक्टेनचं भरलं की नॉक सेन्सर टकटक ओळखतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण पिकअपही जातो आणि मायलेजही. तिथे महाग पेट्रोल भरलं की गेलेलं परत मिळतं. तुमच्या गाडीत गेलेलं काही नव्हतंच. कारखान्यात ठरवलेल्या वेळेपेक्षा आधी ठिणगी टाकायचा हुकूम ईसीएमकडे नाही, त्यामुळे पेट्रोलने जास्त दम धरला तरी त्याचं करायचं काय, हे त्या इंजिनाला ठाऊक नाही.

अमेरिकेत मोटारवाल्यांची 'ट्रिपल ए' नावाची जुनी संघटना आहे. तिने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घालून चाचण्या केल्या. ताकद, मायलेज, धूर, कशातच दखल घ्यावी असा फायदा दिसला नाही. गरज नसताना प्रीमियम भरून तिथल्या लोकांनी वर्षाला २१० कोटी डॉलर वाया घालवले, असा हिशेबही त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी प्रीमियमची 'शिफारस' असलेल्या, पण 'सक्ती' नसलेल्या गाड्या तपासल्या. तिथे मायलेज सरासरी २.७ टक्के वाढलं. दर मात्र वीस-पंचवीस टक्के जास्त होता. म्हणजे ज्यांना फायदा झाला त्यांच्याही खिशाला तोटाच.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक घोळ मिटवतो. न्यू जर्सीतला भाचा फोनवर म्हणतो, "मामा, इथे साधं ८७ असतं, मी ९३ भरतो," आणि इकडे मामा ९५ भरून त्याच्यावर मात केल्याच्या आनंदात असतात. दोन्हीकडची मोजपट्टी वेगळी आहे. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. आपण त्यातल्या एका पद्धतीचा आकडा देतो, अमेरिकी पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, म्हणून तिथला आकडा चार-पाचने लहान दिसतो. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. भाच्याचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या आसपास. मामा हरलेत.

शंभर ऑक्टेनचंही कुणीतरी सुचवेलच. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ते बाजारात आणलं, पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होतंच, आणि दिल्लीत भाव होता १६० रुपये लिटर. ज्याच्या बाइकच्या माहितीपुस्तकात तसं लिहिलंय त्याने खुशाल भरावं. तुम्ही-आम्ही साध्याच्या दीडपट भाव द्यायचा तर गाडीने मायलेजही दीडपट द्यायला हवं. ते कुठलंच पेट्रोल देत नाही.

हे दीडपटीचं गणित सगळ्याच वाचकांनी खिशात ठेवावं. जादा रुपये भागिले साधा दर. तुमच्या बाबतीत आठ भागिले १०४, म्हणजे ७.७ टक्के. महाग पेट्रोलने मायलेज एवढं वाढवलं तर कुठे बरोबरी होते, नफा त्यापुढे. पंधरा देणाऱ्या गाडीने सोळाच्या वर द्यायला हवं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दरांत हाच भागाकार नव्याने करायचा.

तुमच्या वहीत ते वाढलेले सव्वा किलोमीटर आले कुठून मग? एकेक खातं बघू. पहिलं एसीचं. मार्च-एप्रिल-मेमध्ये नाशिक-सिन्नर रस्त्यावर कोण काचा खाली करून जातं? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते फार कडक उन्हात, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे मायलेज २५ टक्क्यांहूनही जास्त खाली येऊ शकतं. तुमची फेरी तीस किलोमीटरची, त्यामुळे एवढं नसेल, पण छोट्या इंजिनाला एसीचा कॉम्प्रेसर ओढणं जडच जातं. जूनपासून तो निम्मा वेळ बंद. दुसरं खातं प्लगचं. गॅप वाढलेला, काजळी धरलेला प्लग कधी कधी पेटतच नाही, आणि न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर जातं. तिसरं टायरचं, खरं तर त्यातल्या हवेचं. टायर बदलताना हवा नीट भरली गेली असणार. त्याआधी शेवटची कधी तपासली होती, हे तुम्हालाच ठाऊक. सर्व्हिसिंगमध्ये एअर फिल्टर बदलला असेल तर त्याला मात्र श्रेय देऊ नका. इंजेक्शनच्या गाड्यांत मळका फिल्टर पिकअप खातो, मायलेजला फारसा हात लावत नाही. गॅरेजवाले ऐकत नाहीत, ते सोडा. चौथं खातं तुमच्या उजव्या पायाचं. वही सुरू केली की माणूस ॲक्सिलरेटर जपून दाबायला लागतो. मी स्वतः वही ठेवली त्या वर्षी माझी स्कूटर दोन किलोमीटर जास्त द्यायला लागली. स्कूटरमध्ये काही बदल नव्हता.

भाऊजींबद्दल थोडं सांगू का? त्यांच्या या विश्वासाला एक इतिहास आहे. आमच्या वर्कशॉपच्या खिडकीत एक पिस्टन ठेवलेला असायचा, एका जुन्या टॅक्सीतून काढलेला. ॲल्युमिनियमचा, मुठीएवढा. डोक्याच्या कडेला करंगळी जाईल एवढं भोक आणि त्या भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या. दर वर्षी नवी बॅच आली की मी तो हातोहात फिरवायचो, आणि दर वर्षी पहिल्या बाकावरचं कुणीतरी त्यात बोट घालून पाहायचं. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर ती टॅक्सी महिनोन्महिने पळाली होती. रॉकेलचा ऑक्टेन फारच खाली. आधी टकटक, मग वितळणं. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणारे तेव्हा गावोगाव होते. हे प्रकरण किती जहरी होतं हे तुमच्या जिल्ह्याला सांगायला नको. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. त्या काळात "चार पैसे जास्त घ्या पण चांगलं पेट्रोल द्या" म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता. भाऊजींचा अनुभव त्याच काळातला असेल तर महाग म्हणजे शुद्ध हे समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असणार.

शुद्धतेची शंका असेल तर मात्र तिचा इलाज आठ रुपयांत नाही. पंपावर फिल्टर पेपर मागायचा हक्क तुम्हाला आहे. नोझलच्या तोंडाचं पेट्रोल पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. दोनेक मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक, गडद डाग राहिला तर भेसळीचा संशय. मापाची शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असतं, ते भरून दाखवायला सांगा. मागे गाड्यांची रांग असली की विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटतो. सकाळी लवकर जा.

आता भांडण मिटवायचं कसं? वाद घालून नाही मिटणार. तुमच्याकडे सहा महिन्यांची वही आहे, भाऊजींकडे तीच वही आहे आणि दोघं तिच्यातून वेगळं वाचताय. चाचणीच नव्याने करा, आणि भाऊजींना तिचे पंच करा. फक्त एक सापळा सांभाळा. उद्यापासून साध्यावर आलात तर पुढे ऑक्टोबरचं ऊन आहे, एसी परत सुरू होणार, मायलेज खाली येणार, आणि भाऊजी म्हणणार, "बघा, सोडलंत आणि पडलं." म्हणून तीन महिने हे आणि तीन महिने ते, असं करू नका. दोन टाक्या साध्या, दोन महाग, परत दोन साध्या, दोन महाग. तुमच्या धावेला अडीच महिने लागतील. दिवाळीत गाडी भरून गावाला गेलात तर ती टाकी हिशेबातून वगळा.

पेट्रोल भरायला गाडी मिस्टरांनी न्यावी. कुठलं भरलं ते तुम्हाला सांगू नये. पावती पाकिटात, पाकीट भाऊजींच्या कपाटात, आणि तुम्हाला फक्त लिटर कळवायचे. चालवणाऱ्या माणसाला काय भरलंय हे ठाऊक नसलं की पाय आपोआप खोटं बोलायचा थांबतो. पंप एकच, शक्यतो नोझलही तोच. ऑटो कट झाला की थांबायचं, "मॅडम, राउंड फिगर करू?" म्हणून वर आणखी टाकू द्यायचं नाही. डॅशबोर्डवरच्या मायलेजकडे बघू नका, तो अंदाज असतो, आणि बऱ्याच गाड्यांत गोड अंदाज असतो. रिझर्व्हचा दिवा लागला की भरा, म्हणजे मागचं पेट्रोल कमीत कमी उरतं. त्याहून खाली नेऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तेव्हाच थंड राहतो. शेवटी चार टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर असं करायचं. प्रत्येक टाकीची सरासरी काढून तिची पुन्हा सरासरी नको. अकाउंट्सवाल्यांना हे सांगायला नको, पण इतर वाचक आहेत.

माझा अंदाज सांगून ठेवतो. दोन्हींत अर्ध्या किलोमीटरचाही फरक निघणार नाही. सव्वा किलोमीटरच्या वर निघाला तर मला जरूर लिहा, तुमचं पत्र याच सदरात छापेन आणि भाऊजींची माफी मागेन. कमी निघाला तर पाकीट भाऊजींनाच उघडू द्या, आकडे त्यांनीच वाचू देत. तुम्ही काही बोलू नका. मिस्टरांनाही गप्प बसायला सांगा, ते जास्त अवघड जाईल.

साध्यावर परत येण्याने इंजिनाला काही होणार नाही. माहितीपुस्तक किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं लेबल एकदा बघून घ्या. ९१ लिहिलं असेल तर विषय संपला. जाता-येता मोहदरी घाटात कान द्या. गाडी चौथ्यात, वेग कमी, चढ लागलाय आणि तुम्ही पाय दाबलाय, अशा वेळी बोनेटखालून डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग. आधी गिअर उतरवा. उतरवूनही आला तर मेकॅनिकला दाखवा. इतक्या वापरानंतर पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साठलेला असू शकतो, आणि त्यामुळे खरंच जास्त ऑक्टेन लागतो. महाग पेट्रोलने तो आवाज दबेल, कार्बन तिथेच राहील. आवाज नसेल तर काही करायचं नाही.

एक काम मात्र करून घ्या. तुमची गाडी २० टक्के इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नाही, असं साहित्य वापरणं एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं. पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर तपासायला सांगा. चिरा दिसल्या तर बदला, फार खर्चाचं काम नाही. महाग पेट्रोलचे महिन्याचे सातशे-साडेसातशे रुपये वाचले की त्यातून होईल.

आणि हो, टाकीत अर्धं हे, अर्धं ते असलं तरी चालतं. मिसळल्याने काही बिघडत नाही. वहीत फक्त एक रकाना वाढवा: एसी, किती वेळ.